समुद्र मोजताना : दोनापावलच्या संस्थेची साठ वर्षे

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. त्या तारखेपुढे बहुतेक लेखांत जहाजांची नावे येतात : गवेषणी, सागरकन्या, सिंधु संकल्प, सिंधु साधना. मग १९८१ सालच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे वर्णन येते. ही मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली आणि तिचे नेतृत्व संस्थेचे माजी संचालक डॉ. सय्यद झहूर कासिम यांनी केले. त्याच वर्षी २६ जानेवारीला गवेषणीने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातुक गोटे वर काढले, तेही येते. हा इतिहास अभिमानाचा आहे आणि या स्मरणिकेत तो इतरांनी लिहिलाच आहे. मला लिहायचे आहे ते या सगळ्याच्या मागे रोज चाललेल्या एका कामाविषयी. उपकरण खरे बोलते आहे का, हे तपासण्याचे ते काम. प्रयोगशाळेत आम्ही त्याला कॅलिब्रेशन म्हणतो.

पद्धत सांगायला सोपी आहे. ज्याचे मूल्य आधीच खात्रीने ठाऊक आहे असे काहीतरी उपकरणापुढे ठेवायचे, उपकरण काय दाखवते ते पाहायचे, दोहोंतला फरक लिहून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक मोजणीत तो फरक धरायचा. अवघड आहे ते पुढचे : खात्रीचे मूल्य आणायचे कुठून, ते टिकवायचे कसे, आणि डोलणाऱ्या जहाजावर रात्री तीन वाजता, कोणी पाहत नसताना, ही तपासणी टाळायची नाही. संस्थेची पत या टाळाटाळ न करण्यावर उभी राहिली, असे माझे मत आहे.

संस्थेचा जन्मसुद्धा अशाच एका गरजेशी जोडलेला आहे. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनाहून अधिक देश आणि चाळीसहून अधिक जहाजे तीत उतरली. भारतातर्फे नौदलाचे आयएनएस किस्तना हे जहाज १९६२ पासून सर्वेक्षणाला गेले. आता प्रश्न असा, की एका देशाच्या जहाजाने एडनजवळ प्लवक गोळा केले आणि दुसऱ्याने अंदमानजवळ, तर कुठे प्लवक जास्त हे ठरवायचे कसे? मोरजीच्या रांपणकाराला विचारा, तो लगेच सांगेल : जाळ्याची भोके केवढी, तोंड केवढे आणि ओढले किती, त्यावर माशांचा हिशेब. शास्त्रज्ञांनीही तेच केले. ब्रिटिश शास्त्रज्ञ रोनाल्ड करी यांनी एक प्रमाण जाळे आखले. तोंडाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर, जाळीचे छिद्र मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश, आणि ते दोनशे मीटर खोलीवरून सरळ उभे वर ओढायचे. सगळ्या जहाजांनी तेच जाळे वापरायचे ठरले. त्यातून आलेले सुमारे दोन हजार नमुने कोचीच्या हिंदी महासागर जीवशास्त्र केंद्रात जमा झाले आणि तिथे निवडले गेले. डॉ. एन. के. पणिक्कर या कामाचे सूत्रधार होते. तेच पुढे आपल्या संस्थेचे पहिले संचालक झाले आणि कोचीचे ते केंद्र संस्थेचा भाग बनले. जीवशास्त्रात कॅलिब्रेशन कसले, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी या जाळ्याची गोष्ट सांगतो. जिथे प्रत्येकाची मोजपट्टी जुळवून घेणे शक्य नव्हते, तिथे सगळ्यांच्या हातात एकच मोजपट्टी दिली गेली.

पहिल्या पिढीची समुद्रावरची हत्यारे साधी होती. नान्सेन बाटली, तिच्या अंगाला बसवलेले उलटे होणारे तापमापक, आणि तारेवरून खाली सोडायचे पितळी वजन. हे वजन बाटलीवर आदळले की बाटली उलटी होते, तापमापकही उलटा होतो आणि पाऱ्याचा धागा ठरलेल्या जागी तुटतो. त्या खोलीचे तापमान असे गोठवून वर आणायचे. तापमापक जोडीने लावत. एकाला जाड काचेचे कवच, दुसरा उघडा. उघड्यावर पाण्याचा दाब पडतो आणि तो दर शंभर मीटरला साधारण एक अंश जास्त दाखवतो. दोघांतल्या फरकावरून बाटली नेमकी किती खोल गेली होती ते काढता येते, कारण तार प्रवाहात तिरकी झाली की तारेच्या लांबीवर भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक तापमापकाचे स्वतःचे दुरुस्तीपत्रक असे. वाचन भिंगाखाली अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत घ्यायचे, मग जहाजावरच्या खोलीतल्या तापमानाची दुरुस्ती लावायची, मग काचेच्या दोषाची. क्रमांक लिहायला विसरले की ते वाचन वाया, कारण कोणते पत्रक लावायचे ते कळत नाही.

क्षारतेसाठी खात्रीचे मूल्य बराच काळ कोपनहेगनहून येत असे. उत्तर अटलांटिकचे पाणी गाळून, मोजून, दोन्ही टोके वितळवून बंद केलेल्या काचेच्या नळ्यांत भरलेले. नळीवर त्या पाण्यातल्या क्लोराइडचा आकडा छापलेला. जगातल्या प्रत्येक समुद्रशाळेत आपल्या सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाची ताकद या पाण्यावर पारखली जाई. १९७५ पासून हे काम इंग्लंडमध्ये गेले आणि पुढे विद्युतवाहकतेवर चालणारे सॅलिनोमीटर रुळले, तरी प्रमाण समुद्रजलाची बाटली फोडल्याशिवाय सॅलिनोमीटरही सुरू होत नाही. परदेशातून आलेली प्रत्येक नळी महाग, म्हणून जगभरच्या शाळांनी एक पद्धत काढली. खोल समुद्राचे पाणी मोठ्या बरणीत भरायचे, बाष्पीभवन होऊ नये म्हणून वर पॅराफिनचा थर द्यायचा, त्याची क्षारता एकदा खऱ्या प्रमाणजलावर ठरवायची आणि मग रोजची तपासणी या घरच्या पाण्यावर करायची. चांगला सॅलिनोमीटर क्षारतेच्या एका एककाच्या हजारात दोन-तीन भागांइतका फरक ओळखतो. अरबी समुद्राच्या खोल पाण्यात स्थळाप्रमाणे पडणारा फरकही तेवढाच सूक्ष्म असतो. प्रमाणजल जरा बिघडले, तर समुद्रात नसलेला प्रवाह कागदावर वाहू लागेल.

आता ऑक्सिजनविषयी थोडे सावकाश, कारण गोव्याच्या किनाऱ्याला याचे महत्त्व फार आहे.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ सालची. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती शोधली आणि आजही सगळ्या नव्या संवेदकांची पारख तिच्यावरच होते. जहाजावर बाटली वर आली की सर्वांत आधी ऑक्सिजनचा नमुना. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी हळू सोडायचे, बाटली भरून वाहू द्यायची, नळी काढताना एकही बुडबुडा आत जाऊ द्यायचा नाही. मग लगेच मँगनीज क्लोराइड, पाठोपाठ अल्कलीयुक्त आयोडाइड, दोन्ही पृष्ठभागाखाली सोडायचे. बूच लावून बाटली उलटसुलट हलवली की आत तपकिरी साका धरतो. जेवढा ऑक्सिजन, तेवढा गडद तपकिरी. साका बसला की सल्फ्युरिक आम्ल घालायचे. साका विरघळतो आणि पिवळे आयोडीन मोकळे होते. ब्युरेटमधून सोडियम थायोसल्फेट सोडत पिवळा रंग फिका होईपर्यंत थांबायचे, मग स्टार्चचे थेंब, निळा रंग, आणि शेवटी एका थेंबाला निळे नाहीसे. त्या थेंबाशी ब्युरेट थांबवायचा.

सगळा भार त्या थायोसल्फेटवर आहे आणि थायोसल्फेट बेभरवशाचे. हवेने, उजेडाने, जीवाणूंनी त्याची ताकद घटत जाते. म्हणून पोटॅशियम आयोडेट अचूक तोलून त्याचे द्रावण करायचे आणि त्यावर थायोसल्फेट पारखायचे, नमुन्यांची प्रत्येक तुकडी घेण्याआधी. शिवाय रसायनांमध्येही थोडा ऑक्सिजन विरघळलेला असतो, तो वेगळा काढून वजा करायचा. जिथे ऑक्सिजन भरपूर तिथे ही वजाबाकी किरकोळ वाटते. पण अरबी समुद्रात दोनशे मीटरच्या खाली कित्येकशे मीटर जाडीचा एक पट्टा आहे, जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही. तिथे वजा करायचा आकडा आणि मोजलेला आकडा एकाच आवाक्यात येतात. पाणी शून्य ऑक्सिजनचे आहे की शून्याच्या जरा वरचे, यावर तिथले जीवाणू नायट्रेट खाऊन नायट्रस ऑक्साइड आणि नायट्रोजन सोडणार की नाही, हे ठरते. म्हणजे त्या एका वजाबाकीच्या आकड्यावर हवामानाच्या गणिताचा एक भाग टेकलेला आहे.

संस्थेने कांदोळीसमोर, साधारण २५ ते ३० मीटर खोलीवर, १९९७ पासून एक ठिकाण धरून तिथे वारंवार नमुने घेतले. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खोलचे थंड, ऑक्सिजन कमी असलेले पाणी वर सरकते. वर मात्र पावसाच्या गोड्या पाण्याची टोपी बसलेली असते, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरला तळाजवळचे पाणी पार गुदमरते. अशा वेळी बाटलीत विंकलरची रसायने घातली की साका तपकिरी होतच नाही, पांढराच राहतो. नमुन्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा हा ऑक्सिजनहीन पट्टा जगातल्या मोठ्या पट्ट्यांपैकी आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. त्या निबंधाची जगभर चर्चा झाली. तो टिकला, कारण त्यामागचे आकडे कोणीही, कोणत्याही प्रयोगशाळेत, त्याच आयोडेटवर पारखून पाहू शकत होता.

नद्यांकडे वळल्यावर प्रश्न बदलतो. समुद्रात मोजणाऱ्याला वेळ असतो, नदीत भरती-ओहोटी थांबत नाही. मार्च-एप्रिल २००३ मध्ये संस्थेच्या डी. सुंदर आणि डॉ. सतीश शेटये यांच्या अभ्यासासाठी मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांत १३ ठिकाणी महिनाभर पाण्याची पातळी टिपली गेली, तीही साध्या मोजखांबांवरून. निष्कर्ष गोव्यातल्या माणसाने लक्षात ठेवावा असा आहे. भरतीची उंची आत जाताना कमी होत नाही, उलट मुखापासून ४५ किलोमीटरवर ती मुखापेक्षा साधारण २० टक्के वाढते आणि घाटाच्या पायथ्याशी नदीचा तळ उंचावतो तिथे झपाट्याने घटते. खांबावरचे वाचन कोणालाही जमते. पण १३ खांबांची वाचने एकत्र बसवायची तर सगळी घड्याळे एकच वेळ दाखवायला हवीत आणि खांब महिनाभर तसूभरही खचता कामा नये. गाळाच्या तळात रोवलेला खांब आपल्याच वजनाने बसतो, म्हणून त्याची उंची काठावरच्या पक्क्या खुणेशी ताडून पाहावी लागते. घड्याळ जुळवणे आणि खूण ताडणे, हेही कॅलिब्रेशनच.

मांडवीच्या या वरच्या पट्ट्याचा मोठा भाग डिचोली तालुक्याच्या काठाने जातो. सारमानसपासून वर, धक्क्याधक्क्यांवर खनिज बार्जमध्ये चढत असे आणि मुरगावला जहाजात जाई. डिचोलीच्या घराघरांतून खाणीवर, बार्जवर किंवा धक्क्यावर काम केलेली माणसे आहेत, त्यांना ड्राफ्ट सर्व्हे सांगायला नको. मालाचे वजन काट्यावर न करता जहाज किती बुडाले यावरून काढायचे. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही अंगांच्या खुणा वाचायच्या, माल भरण्याआधी आणि नंतर. मात्र तेवढ्याच वजनाचे जहाज गोड्या पाण्यात जास्त बुडते, खाऱ्यात कमी. म्हणून काचेचा हायड्रोमीटर पाण्यात सोडून घनता वाचावी लागते. गोड्या पाण्याची १.०००, समुद्राची १.०२५ च्या आसपास. पन्नास हजार टन विस्थापनाच्या जहाजाखालचे पाणी प्रत्यक्षात १.०१५ असेल आणि कोणी १.०२५ धरून हिशेब केला, तर सुमारे पाचशे टनांची तफावत पडते. पावसाळ्यात मांडवीचे वरचे पाणी जवळजवळ गोडे होते, एप्रिल-मेमध्ये खारे पाणी नदीत बरेच आत शिरते. घनता एकदा वाचून वर्षभर वापरण्याची सोय इथे नाही. संस्थेच्या प्रयोगशाळेतले प्रमाणजल आणि धक्क्यावरच्या सर्व्हेअरच्या हातातला हायड्रोमीटर एकाच साखळीचे दुवे आहेत.

हीच घनता पातळी मोजतानाही आडवी येते. २००४ च्या त्सुनामीनंतर संस्थेने किनाऱ्यावर पातळी टिपणारी आणि ती लगेच कळवणारी यंत्रे बसवली. मांडवीच्या मुखाशी वेरे येथे त्यांपैकी एक आहे. दाबावर चालणारे यंत्र पाण्याचा दाब मोजते आणि त्याला घनतेने भागून उंची सांगते. यंत्रावर दोन मीटर पाणी असेल आणि गोड्या-खाऱ्यात गल्लत झाली, तर उंचीत पाच सेंटिमीटरची चूक शिरते. मांडवीसारख्या नदीत जोराच्या पावसात पाण्यात गाळही असतो, तो वेगळाच. दाबयंत्रांच्या जोडीला पुढे रडारची यंत्रे आली ती याचसाठी. रडार वरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजते, त्याला खालच्या पाण्याच्या घनतेशी कर्तव्य नसते.

मांडवीत येणाऱ्या पाण्याचा हिशेब करायचा तर पावसापर्यंत जावे लागते. पेडणे, साखळी, वाळपई इथल्या पर्जन्यमापकांची नावे हवामान खात्याच्या पत्रकात आपण लहानपणापासून वाचत आलो. या साध्या उपकरणातही एक सापळा आहे. पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर असते किंवा दोनशे, आणि मोजायची काच त्या-त्या तोंडाप्रमाणे आखलेली असते. दोनशेच्या पर्जन्यमापकाची काच फुटली आणि कोणी शंभरची काच आणून ठेवली, तर त्या दिवसापासून गावात दुप्पट पाऊस पडू लागतो. आपोआप नोंदणाऱ्या, दोन वाट्यांच्या पर्जन्यमापकात उलट दोष असतो. मुसळधार पावसात वाटी कलंडत असतानाच्या क्षणी पडलेले पाणी मोजले जात नाही. म्हणून त्यात मोजून घेतलेले पाणी वेगवेगळ्या गतीने थेंबथेंब सोडून प्रत्येक गतीची चूक काढून ठेवतात. घाटमाथ्यावर कणकुंबीच्या बाजूला पडणाऱ्या पावसाला तर ही दुरुस्ती अत्यावश्यक. म्हादईच्या, म्हणजे मांडवीच्याच, पाण्याचे वाद जेव्हा आकड्यांवर लढले जातात, तेव्हा दोन्ही बाजूंनी आधी हे विचारावे, की ज्या यंत्रांनी हे आकडे दिले ती शेवटची कधी पारखली होती.

पेडणे तालुक्याचा प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा आहे, कारण तो लोकांच्या अंगणातून जातो. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने उच्च भरतीरेषा हा शब्द गावोगाव पोहोचवला. मोठ्या भरतीला पाणी जमिनीवर जिथपर्यंत पोहोचते ती रेषा. ग्रामीण किनाऱ्यावर त्या रेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नवे बांधकाम करायचे नाही, असे त्या अधिसूचनेने ठरवले. ही रेषा आखण्यासाठी केंद्र सरकारने ज्या मोजक्या संस्थांना अधिकृत केले, त्यांत आपली संस्था होती. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी इथल्या माणसासाठी ही रेषा म्हणजे घर दुरुस्त करता येईल की नाही, याचे उत्तर.

हे काम किनाऱ्यावर कसे होते ते पाहावे. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या पक्क्या खुणेपासून लेव्हलिंग करत उंची किनाऱ्यापर्यंत आणायची. भरतीचे आकडे मुरगावच्या नोंदींवरून घ्यायचे. मग जमिनीवरच्या खुणा पाहायच्या, म्हणजे वाळूच्या बांधाचा माथा, वाळूच्या टेकडीवर कुठून कायमची वेल-झुडपे सुरू होतात ती ओळ. पेडण्याचा किनारा बराचसा सपाट उताराचा. पन्नास मीटरला एक मीटर असा उतार धरला, तर उंचीत दहा सेंटिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर पाच मीटरची. शिवाय पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि हिवाळ्यात परत आणून टाकतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये आखलेली रेषा आणि फेब्रुवारीत आखलेली रेषा एकाच जागी पडतील असे नाही. डॉ. अँतोनियो मास्कारेन्हस यांनी मोरजी-मांद्रे-केरीच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे केला आणि त्या वाचवण्याविषयी जाहीरपणे लिहिले. टेकडी सपाट केली की समुद्राला अडवणारी भिंत जाते आणि त्याबरोबरच रेषा ओळखायची खूणही जाते.

माझे स्पष्ट मत आहे, की नकाशा गावात लावताना रेषेबरोबर तीन गोष्टी छापाव्यात : उंची कोणत्या खुणेवरून आणली, मोजणी कोणत्या महिन्यात झाली, आणि रेषा किती मीटर इकडेतिकडे होऊ शकते. ग्रामसभेत भांडणे होतात ती बरीचशी या तीन गोष्टी कोणाला माहीत नसल्याने. लोकांना अचूकतेची मर्यादा सांगितली तर त्यांचा विश्वास उडतो, असे काहींना वाटते. पेडण्याच्या माणसाला मी जेवढा ओळखतो, तेवढ्यावरून सांगतो, तो विश्वास वाढतो.

इतर विभागांकडे मी धावतीच नजर टाकतो. बहुधातुक गोट्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट किती, यावर १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरातल्या दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्राचा आद्य गुंतवणूकदार म्हणून हक्क मिळाला. तो मिळवणारा भारत पहिला देश. ते विश्लेषण जगात मान्य व्हायचे तर अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेने तयार केलेल्या नॉड-ए-१ आणि नॉड-पी-१ या प्रमाण भुकट्या आपल्या नमुन्यांबरोबर त्याच यंत्रातून न्याव्या लागतात. तळाच्या गाळातून जुने पावसाळे वाचणाऱ्यांची अडचण वेगळी. समुद्रातल्या शिंपल्याचे कार्बन-१४ वय साधारण चारशे वर्षे जास्त दिसते, कारण समुद्राचे पाणी स्वतःच हवेपेक्षा जुना कार्बन बाळगून असते, आणि वर उसळणाऱ्या पाण्याच्या आपल्या किनाऱ्याला त्यात आणखी भर घालावी लागते. २६ मे १९९९ रोजी सुटलेल्या ओशनसॅट-१ उपग्रहावरच्या रंगमापी कॅमेऱ्याला समुद्राचा खरा रंग सांगण्याचे काम संस्थेच्या सागरी प्रकाश गटाने केले. उपग्रह वरून जाताना जहाजातून तोच प्रकाश पाण्यात मोजायचा. समुद्रावरून वर जाणाऱ्या प्रकाशाचा बहुतांश भाग हवेतून विखुरलेला असतो, पाण्यातला थोडाच. तो वेगळा काढायला खाली कोणीतरी मोजत असावेच लागते.

वाहकता, तापमान आणि खोली एकत्र मोजणाऱ्या सीटीडी यंत्राने नान्सेन बाटल्या आणि उलटे तापमापक हळूहळू निवृत्त केले. त्याच्या तापमान संवेदकाची पारख निसर्गाच्या स्थिर बिंदूंवर होते. पाणी, बर्फ आणि वाफ एकत्र नांदतात तो बिंदू ०.०१ अंश सेल्सियस, आणि गॅलियम वितळते तो २९.७६४६ अंश. दुसरा आकडा गोव्याच्या उन्हाळी समुद्राच्या तापमानाजवळचा आहे, त्यामुळे आपल्या कामाला तो फार सोयीचा.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर विषय. समुद्राची पातळी वाढते आहे का? डॉ. ए. एस. उन्नीकृष्णन आणि डॉ. डी. शंकर यांनी २००७ साली उत्तर हिंदी महासागराच्या जुन्या भरतीयंत्रांच्या नोंदी तपासून सरासरी वाढ वर्षाला १.२९ मिलिमीटर अशी दिली. वर्षाला दीड मिलिमीटरही नाही. धक्का दुरुस्त करताना यंत्र दोन सेंटिमीटर वर बसवले आणि नोंद केली नाही, तर पंधरा वर्षांची वाढ पुसली जाते. मुंबईच्या अपोलो बंदरची नोंद १८७८ पासूनची आहे आणि ती उपयोगी पडते, कारण यंत्राचे शून्य काठावरच्या खुणांशी वेळोवेळी ताडून लिहून ठेवले गेले.

याच प्रकारचा धडा जगाने समुद्राच्या उष्णतेबाबत घेतला. चालत्या जहाजातून टाकायच्या एक्सबीटी या एकदाच वापरायच्या तापमापकात खोली मोजलीच जात नाही. तो किती वेळात किती खाली पडला असेल, या सूत्रावरून ती काढतात. २००७ च्या सुमारास लक्षात आले, की या सूत्रात आणि तापमानात पद्धतशीर चूक आहे, आणि १९७० च्या दशकात समुद्र एकाएकी तापल्याचे जे दिसत होते त्याचा बराच भाग या चुकीचा होता. सगळ्या जुन्या नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या. दुरुस्ती करता आली ती फक्त तिथे, जिथे कोणत्या बनावटीचा आणि कोणत्या सालचा एक्सबीटी टाकला हे लिहिलेले होते. जिथे नुसते तापमान आणि खोली लिहिली होती, तिथे अंदाजच करावा लागला.

भारताच्या समुद्रविषयक नोंदी जपणारे माहिती केंद्र आपल्या संस्थेत पहिल्यापासून आहे. किस्तनापासून सिंधु साधनापर्यंतची तापमाने, क्षारता, ऑक्सिजन तिथे साठवले गेले. या आकड्यांसोबत तापमापकांची दुरुस्तीपत्रके, आयोडेटच्या पारखण्या, प्रमाणजलाच्या नळ्यांचे बॅच क्रमांक, यंत्रांचे शून्य ताडल्याच्या तारखा, हे सगळे त्याच घरात यायला हवे. ते विखुरलेले आहे : काही प्रयोगशाळांच्या कपाटांत, काही निवृत्त झालेल्या माणसांच्या घरी, कागद पिवळे पडून. एकसष्टाव्या वर्षाच्या कामांत संस्थेने हे एक काम धरावे. जुन्या सहकाऱ्यांना पत्रे पाठवून वह्या मागवाव्यात, स्कॅन कराव्यात, आणि प्रत्येक सफरीच्या आकड्यांना तिचे कॅलिब्रेशन जोडून ते सर्वांना खुले करावे. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी पत्राची वाट न पाहता त्या दोनापावलला आणून द्याव्यात. पेडणे-डिचोलीकडच्या मंडळींना येणे जमत नसेल, तर मी स्वतः घेऊन जाईन.